समुद्रतळाखाली बुजलेल्या नद्या

नमस्कार श्रोतेहो.

डोळ्यांसमोर समुद्रतळाखालच्या थरांचा छेद दाखवणारी एक लांबलचक करडी पट्टी आणा. तिच्यावर आडव्या समांतर रेघा आहेत, आणि मध्येच त्या रेघा कापत खाली गेलेला खोल, उभ्या कड्यांचा खड्डा. पाहणारा म्हणतो, केवढी ही दरी! प्रत्यक्षात ते पात्र ४०० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल, काठाचा उतार जेमतेम चार अंश. पट्टी कागदावर मावावी म्हणून उभं प्रमाण आडव्याच्या वीसपट ठेवलेलं असतं, त्यामुळे चार अंशांचा उतार सुमारे पंचावन्न अंशांचा कडा होऊन बसतो. सिस्मिक सर्वेक्षणातून, म्हणजे जहाजावरून आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनींवरून, बुजलेलं नदीपात्र शोधायचं, तर चित्र कुठे फसवतं हे आधी माहीत हवं.

ही पात्रं आली कुठून? सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. आजच्या उथळ समुद्राच्या जागी जमीन होती, तिच्यावरून नद्या वाहत होत्या. पाणी चढत गेलं तसं पात्रात आधी खाडीचा चिखल साठला, मग वरून समुद्राचा गाळ पसरला. आज तिथे तळ सपाट दिसतो, नुसती पाण्याची खोली मोजून काही कळत नाही. समुद्रात पवनचक्कीचा पाया घालणाऱ्याला मात्र हे कळावंच लागतं, कारण घट्ट वाळूत बसणारा खांब चारशे मीटर पलीकडे मऊ चिखलात रुतत जातो.

सर्वेक्षणाचं तत्त्व विहिरीत घातलेल्या हाकेचंच. फरक इतकाच, की इथे थोडा आवाज तळावरून परततो आणि उरलेला आत शिरतो. घनता किंवा ध्वनीचा वेग जिथे जिथे बदलतो, तिथून त्यातला थोडा थोडा मागे फिरतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जाऊन येण्याचा वेळ मोजायचा असल्यानं एक मिलिसेकंद म्हणजे पाऊण मीटर खोली. मऊ गाळात वेग थोडा जास्त, समजा १,६००. अशा गाळातली २० मिलिसेकंदांची जाडी पाण्याच्या वेगानं काढली तर १५ मीटर येते, खरी असते १६.

आवाज कशानं करायचा, हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. साधारण नियम असा की तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शापेक्षा पातळ थर वेगळा दिसत नाही. तेलशोधातल्या एअरगनचा, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या यंत्राचा, ५० हर्ट्झचा आवाज खूप खोल जातो, पण त्याच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा साडेसात मीटर भरतो. छोटं पात्र त्यात विरघळून जातं. चर्प यंत्र, म्हणजे सूर बदलत जाणारी शीळ घालणारं यंत्र, काही हजार हर्ट्झवर चालतं, वीतभर जाडीचे थरही सोडवून दाखवतं, पण वाळू लागली की काही मीटरांतच दमतं. म्हणून वाळूखालच्या पात्रासाठी माझी पसंती स्पार्करला, म्हणजे ठिणगीनं आवाज करणाऱ्या यंत्राला. त्यात काही हजार व्होल्टची ठिणगी खाऱ्या पाण्यात पडते. नदीच्या मुखाशी पाणी गोडसर झालं की ठिणगीचा जोर जातो. ठिणगी पाडणाऱ्या तारांची टोकंही झिजतात; ती वेळोवेळी छाटून ताजा धातू उघडा केला नाही, तर दुपारच्या चित्रातल्या रेघा सकाळच्यापेक्षा धूसर येतात आणि दोष उगाच समुद्राला दिला जातो.

परतणारा आवाज ऐकणाऱ्या हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनची, माळ जहाजामागे पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ ओढावी. ती एक मीटर खाली गेली, की पृष्ठभागावरून उलटून आलेला आवाज मूळ आवाजाला छेद देतो आणि ७५० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुसला जातो. माळ ३० सेंटीमीटरवर असेल तर हा खड्डा २,५०० हर्ट्झपर्यंत सरकतो. लाटांत माळ वरखाली होतेच, म्हणून जहाज हळू, चार नॉटच्या आसपास ठेवायचं.

आणखी एक चूक नेहमीची. जीपीएसचा अँटेना जहाजाच्या छतावर आणि माळ तीस-चाळीस मीटर मागे. हे अंतर वजा केलं नाही, तर जहाजाच्या जातानाच्या आणि येतानाच्या रेषांवर एकच काठ साठ ते ऐंशी मीटर इकडेतिकडे पडतो. नकाशावर सरळ काठ करवतीच्या दातांसारखा दिसला, की आधी हेच तपासावं.

जहाजाच्या या रेषा पात्राला काटकोनात हव्यात. तीस अंशांच्या तिरक्या छेदात ४०० मीटरचं पात्र ८०० मीटर रुंद दिसतं. वळणावर एकच नदी दोनदा कापली जाते आणि दोन नद्या वाटतात. म्हणून त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा घालून छेदबिंदूंवर थर जुळवायचे. घनदाट त्रिमितीय माहिती असेल, तर कामच वेगळं: आडवी चकती कापली की नागमोडी पात्र वरून पाहावं तसं उमटतं. उत्तर समुद्रात बुडालेल्या डॉगरलँड या जुन्या भूभागावर बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या चमूनं तेलशोधासाठी जमवलेली अशीच माहिती वापरली. तिथे सापडलेल्या एका नदीला शॉटन या भूशास्त्रज्ञाचं नाव दिलं.

खोट्या पात्रांचं काय? पाणी २० मीटर असेल तर तळाचा दुसरा प्रतिध्वनी तळाखाली २० मीटरवर थर म्हणून उभा राहतो. त्याचा उतार तळाच्या दुप्पट असतो, यावरून तो ओळखता येतो. वायू अधिक त्रासदायक. चिखलातला पालापाचोळा कुजून मिथेन होतो, त्याचे बुडबुडे आवाज गिळतात आणि खाली सगळं पांढरं. पालापाचोळा पात्रातच जास्त, त्यामुळे पात्र स्वतःलाच झाकून घेतं. बुडबुड्यांत वेगही घटतो, म्हणून खालचे सपाट थर वाकलेले दिसतात. वायूच्या कडेला असं वाकलेलं काही दिसलं, तर त्याला पात्र म्हणण्याची घाई नको. काठाला जुने थर खरंच तुटलेले आहेत का, आत नवे थर काठावर टेकत चढलेत का, हे पाहावं.

मग नमुना. व्हायब्रोकोअरर म्हणजे थरथरत गाळात नळी उतरवून नमुना काढणारं यंत्र; त्याची नळी बहुधा सहा मीटरची. पंधरा मीटर भरावाच्या मध्यावर ती घातली तर वरचा खाडीचा चिखलच येणार. पात्राच्या तळाची वाळू-गोटे हवे असतील तर जिथे हा तळ वर येतो त्या काठाजवळ जावं. कार्बन कालमापनासाठी शंखापेक्षा जमिनीवरच्या झाडाचं काडीपान बरं, कारण समुद्रातला शंख काही शतकांनी जुना भासतो. आणि सापडलेली काडी आडव्या थरात होती की वाळूत गुंतलेली, ते नळी उघडतानाच टिपून ठेवावं. वाळूतली काडी नदीनं दुसरीकडून, जुन्या थरातून वाहून आणलेली असू शकते.