मुदत संपलेली विंडोज

(दृश्य: विंडोज १०चा पडदा, नेहमीसारखा सुरू होतोय.)

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर सगळं जागच्या जागी. फाइल उघडली, प्रिंटही निघाली. मग संपलं काय?

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची अपडेट्स सोडतं. २००३पासूनचा हा शिरस्ता. सपोर्ट संपला की मंगळवार येतो, अपडेट्सही येतात, फक्त तुमच्या आवृत्तीच्या वाट्याला काही येत नाही.

आणि खरी गोम इथंच आहे. नव्या आवृत्तीचं अपडेट हाती आलं, की हल्लेखोर आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून बघतात. फरक कधी कधी अगदी किरकोळ असतो. बाहेरून आलेल्या माहितीची लांबी आधी तपासली जात नव्हती, आता जाते. एवढ्यावरून भोक कुठं होतं ते कळतं. तोच कोड जुन्या आवृत्तीतही असेल, तर तिथलं भोक तसंच उघडं, आणि आता ते जगाला ठाऊक.

(दृश्य: वॉनाक्रायचा लाल पडदा, खंडणीची मागणी.)

मे २०१७. वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक बंद पाडले, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. खापर फुटलं विंडोज एक्सपीवर, कारण तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला होता. पण जगभर लागण झालेली बहुतेक यंत्रं होती विंडोज ७ची. तिच्यासाठीचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, ते बसवलंच गेलं नव्हतं! सपोर्ट असून उपयोग काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टनं एक्सपीलाही तातडीनं अपडेट दिलं. मुदत उलटून तीन वर्षं झाली होती, तरी दिलं. त्यात नवल नाही. दुकानांतल्या बिलिंग यंत्रांसाठी एक्सपीवर बेतलेली पॉसरेडी २००९ नावाची आवृत्ती होती, आणि तिला एप्रिल २०१९पर्यंत अपडेट्स मिळत होती. काही पठ्ठ्यांनी तर २०१४मध्येच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून साध्या एक्सपीला पॉसरेडीचं सोंग दिलं आणि अपडेट्स पदरात पाडून घेतली. मायक्रोसॉफ्टनं बजावलं, की ही अपडेट्स तुमच्यासाठी तपासलेली नाहीत. ते खरंही होतं. पण दुरुस्त्या तयार होत होत्या, हेही तितकंच खरं.

इतर प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांचा प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल३२.डीएलएल या विंडोजच्या फाइलकडे एकेक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करून देणारा कोडचा तुकडा, नावानं मागतो. नव्या विंडोजमध्ये आलेलं फंक्शन जुन्या फाइलीत नसतं. मग प्रोग्रॅमची खिडकी उघडतच नाही. एक छोटी चौकट येते, त्यात त्या फंक्शनचं नाव, आणि ते सापडलं नाही एवढाच निरोप. वापरणारा शिव्या घालतो प्रोग्रॅमवाल्याला. जुन्यासाठी वेगळी वाट काढता येते, पण मग प्रत्येक बदल दोन्हीकडे तपासत बसा. कधीतरी हिशेब जमेनासा होतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं विंडोज ७ला ३.८ या आवृत्तीवर सोडलं, क्रोमनं १०९व्या आवृत्तीवर. त्यानंतरच्या क्रोमला निदान विंडोज १० लागते.

आता पाळी विंडोज १०ची. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर हवा. त्यामुळे ठणठणीत चालणारी कितीतरी यंत्रं बाहेर राहिली. संस्थांनी पैसे भरले तर विंडोज १०ची सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळतात. कारखान्यांतल्या आणि तत्सम खास उपकरणांसाठीच्या आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ या आवृत्तीला तर ती जानेवारी २०३२पर्यंत मिळणार आहेत. तीही विंडोज १०च.