पेढ्याआधी मार्कशीट

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत दारोदारी एकच प्रश्न असतो, "किती पडले?" पोरगं सांगतं, "शहात्तर पॉइंट चाळीस." पेढा हातावर पडतो नि विषय मिटतो. मी गणिताचा मास्तर. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखव, असं पोरांना जन्मभर बजावत आलो. तेव्हा आज या ७६.४० च्या पायऱ्या दाखवतो. हिशेब आपल्या महाराष्ट्र बोर्डाचा.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. विषय सहा, प्रत्येकी १०० गुणांचे. समजा मराठी ८२, हिंदी ७८, इंग्रजी ६४, गणित ४१, विज्ञान ७०, सामाजिक शास्त्रं ८८. बेरीज ४२३. ६०० पैकी ४२३ म्हणजे साडेसत्तर टक्के. मग ७६.४० आले कुठून? तर टक्केवारी काढतात ती सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवरून. यालाच घरोघरी 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात. सगळ्यात कमी, म्हणजे गणिताचे ४१, बाजूला ठेवायचे. उरले ५०० पैकी ३८२. झाले ७६.४०. हे पाहून गणिताच्या मास्तरला काय वाटतं ते विचारू नका! मात्र टक्केवारीतून वगळलेला विषय पास-नापासाच्या हिशेबात असतोच.

आता एकेका विषयाच्या शंभरात डोकावू. त्यातले ८० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या हातातले. गणिताच्या ८० चे पुन्हा दोन पेपर, ४०-४० चे.

पेपर तपासताना काय होतं? वर्तुळाच्या बाहेरच्या एका बिंदूपासून काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय घ्या. मुलीनं आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, त्रिज्या जोडल्या, कर्ण-भुजा कसोटीनं त्रिकोण एकरूप दाखवले. सगळं चोख. फक्त दोन बाजू एकरूप का, तर 'एकाच वर्तुळाच्या त्रिज्या', हे कंसातलं कारण राहिलं. तिला ते येत नव्हतं का? येत होतं, हे तिच्या आकृतीवरूनच दिसतं. पण परीक्षकासमोर आदर्श उत्तरपत्रिका असते आणि तिच्यात गुण पायरीपायरीनं वाटलेले असतात. गेला अर्धा गुण. असे चार अर्धे गेले की दोन गुण. माझ्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका पुढे नियामक पुन्हा बघायचे. मी कुठे हात सैल सोडला असेल तर लाल पेनाची दुसरी खूण यायची, आणि खरं सांगतो, तेव्हा परीक्षा माझीच चाललीय असं वाटायचं.

राहिले शाळेचे २०. भाषेची तोंडी परीक्षा, विज्ञानाचे प्रयोग, गणिताचा गृहपाठ नि चाचणी. उघड बोलू या. हे गुण देताना शाळांचा हात आखडत नाही. पास व्हायला ३५ लागतात. त्यातले १८ शाळेनंच दिले, तर लेखीत ८० पैकी उरले १७. एका वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे शाळेचे गुण काढून पाहिले. साल २०१९. आदल्या वर्षी राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के, तो आला ७७.१० वर. अकरावीच्या रांगेत दुसऱ्या बोर्डांची मुलं आपल्या अंतर्गत गुणांसह पुढे उभी होती. पालक खवळले, आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. निकाल ९५.३० टक्के! अर्थात सगळं श्रेय त्या विसांना देता येत नाही. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, त्याचे गुण सरासरीनं दिले होते.

२०२१ साली तर लेखी परीक्षाच रद्द झाली. तेव्हाचं सूत्र असं: ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या शाळेतल्या लेखी चाचण्यांवरून, २० तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंवरून. नववी म्हणजे मधलं वर्ष, असं म्हणत ज्यांनी ती क्रिकेटवर घालवली, त्यांना तिनं असं गाठलं. निकाल ९९.९५ टक्के. अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायची ठरली होती, तीही मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली.

शेजारच्या घरात सीबीएसईचा मुलगा असेल तर त्याच्या श्रेणीशी आपली तुलना करू नका. तिथे ए-वन म्हणजे अमुक इतके गुण, असं नसतं. त्या विषयात पास झालेल्यांची गुणांप्रमाणे क्रमवारी लावतात आणि वरच्या आठव्या हिश्शाला ए-वन देतात. पेपर सोपा गेला आणि सगळ्यांनाच भरपूर पडले, तर नव्वदीतला मुलगाही खाली सरकतो.

आणि आता 'क्रेडिट' हा शब्द शाळेच्या दारात आलाय. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे अभ्यासाचे १२०० तास धरलेत आणि त्यांचे ४० श्रेयांक. म्हणजे ३० तासांना एक. यात वर्गातला वेळ आला, प्रयोग आले, खेळ आले. पण नुसतं बसून श्रेयांक मिळत नाही, मूल्यमापनात उत्तीर्ण व्हावं लागतं. अमेरिकेतल्या शाळांत ही तासांची मोजणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथे एका विषयाला वर्षभरात १२० तास दिले की एक युनिट, असं जुनं माप. तिकडे नातवंडं असलेल्या आजी-आजोबांनी फोनवर 'क्रेडिट' ऐकलं की उधारी समजू नये.

ज्यांच्या घरी नुकताच निकाल लागलाय, त्यांना एवढंच सांगतो. एखाद्या विषयाचे गुण मनाला पटत नसतील तर दोन वाटा आहेत. गुणपडताळणीत सगळी उत्तरं तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी लागते, मग पुनर्मूल्यांकन. प्रत हातात आली की आधी पुरवणी उघडा. घाईत जोडलेल्या पुरवणीच्या मागच्या पानावर एखादं प्रमेय असतं. माझ्याही नजरेतून एकदा तसं पान निसटलं होतं. नियामकांनी ते उलटून माझ्यापुढे ठेवलं. तीन गुणांचं होतं.

नमस्कार.