‘नाही’वर टिचकी

नमस्कार मंडळी. आधी एक सांगून टाकते. मी एनरोल्ड एजंट आहे. अमेरिकेतले टॅक्स रिटर्न लोकांना भरून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा ‘सॉफ्टवेअर घ्यावं की माणूस गाठावा?’ हे मला विचारणं म्हणजे हलवायाला ‘लाडू घरीच वळू का?’ असं विचारणं. पण आज खरं बोलायचं ठरवून आले आहे. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना माझी गरज नाही.

एक नोकरी, एक डब्ल्यू-२ म्हणजे पगाराचा वार्षिक दाखला, बँकेचं थोडं व्याज आणि भारतात मागे काही नाही, असं असेल तर सॉफ्टवेअरवर एका संध्याकाळी काम उरकतं. २०१७च्या कायद्याने स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पावत्या न दाखवता मिळणारी सरसकट वजावट, जवळजवळ दुप्पट झालं. २०२५ सालासाठी ते एकट्याला १५,७५० डॉलर आणि नवरा-बायको एकत्र भरत असतील तर ३१,५०० डॉलर आहे. त्यामुळे देणग्यांच्या पावत्या जमवून बेरजा करायची वेळ आता थोड्यांवरच येते. उत्पन्न बेताचं असेल तर आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, फ्री फाइलमधून फुकटही भरता येतं, नाहीतर व्हिटा या मोफत मदत योजनेचे स्वयंसेवक समोर बसवून भरून देतात. आयआरएसने २०२४ मध्ये स्वतःचं डायरेक्ट फाइलही सुरू केलं होतं. माझ्या धंद्याच्या मुळावर येणारं होतं, तरी मला ते आवडलं होतं. २०२६च्या हंगामात ते बंद झालं.

आता माझी गोष्ट. तेव्हा मी या धंद्यात नव्हते, प्रोग्रामिंग करत होते. आकडेमोड येते, इंग्रजी येतं, सॉफ्टवेअर तर रोजचंच. मग माणसाला पैसे कशाला मोजायचे? भरत भरत एका प्रश्नाशी आले: परदेशातल्या एखाद्या खात्यात तुमचा हितसंबंध किंवा सहीचा अधिकार आहे का? परदेशी खातं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंड. माझं काय होतं? आईच्या बचत खात्यावर दुसरं नाव माझं होतं, पुढेमागे तिची अडचण नको म्हणून. आणि लग्नाआधीचं एक पीपीएफ. ही कसली परदेशी खाती? ही तर घरची! ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढे गेले. सलग कितीतरी वर्षं.

यात सॉफ्टवेअरचं काय चुकलं? काहीच नाही. त्याने विचारायचं ते विचारलं, मी चुकीचं उत्तर दिलं आणि त्या उत्तरावर त्याने अगदी अचूक गणित केलं.

नियम असा आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. तो रिटर्नबरोबर जात नाही, फिनसेन नावाच्या वेगळ्या सरकारी विभागाकडे जातो. संयुक्त खात्यातली पूर्ण शिल्लक तुमच्या नावे धरली जाते, पैसे आईचे असले तरी. शिवाय पीपीएफचं आणि अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी इथे ते उत्पन्नच. मला शेवटी नकळत झालेल्या चुका सुधारायच्या स्ट्रीमलाइन्ड योजनेतून सगळं निस्तरावं लागलं: तीन वर्षांचे सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार आणि वर ५ टक्के दंड. दंडाचं एवढं वाटलं नाही. पण सहा वर्षांच्या पासबुकांचे फोटो आईला फोनवरून काढायला सांगणं, ही शिक्षा कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही.

आणि हे काही आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचंच होतं असं नाही. २००९च्या जानेवारीत टिमोथी गाइथनर अर्थमंत्रिपदासाठी सिनेटसमोर बसले होते. आयआरएस ज्यांच्या हाताखाली येणार, ते हे गृहस्थ. पूर्वी ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होते. नाणेनिधी अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापत नाही, तो ज्याचा त्याने भरायचा असतो. २००१ ते २००४ या वर्षांत त्यांनी तो भरलाच नव्हता. टर्बोटॅक्स हे सॉफ्टवेअर वापरल्याचं त्यांनी सांगितलं, पण चूक आपलीच असंही कबूल केलं. ते खरंच होतं.

भारतातल्या एसआयपीचं प्रकरण याहून बिकट. तिथला म्युच्युअल फंड इथे पीएफआयसी, म्हणजे एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतो, त्याला ८६२१ नंबरचा फॉर्म आणि करही जाचक. घरगुती सॉफ्टवेअरात बहुधा हा फॉर्मच नसतो, त्यामुळे ते त्याबद्दल विचारतही नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांचंही तसंच. पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्यांचा फॉर्म सहसा अनिवासींचा १०४०-एनआर, आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरात बसून ती साधा १०४० भरून मोकळी होतात.

उलटीही चूक होते, म्हणजे सरकारला जास्त देण्याची. कंपनीने नोकरीपोटी दिलेले शेअर, म्हणजे आरएसयू, हातात पडतात तेव्हा त्यांची किंमत पगारात धरून कर कापलेला असतो. पुढे ते विकले की ब्रोकरच्या १०९९-बी या विक्रीच्या कागदावर खरेदी किंमत पुष्कळदा शून्य किंवा कोरी असते. सॉफ्टवेअर तो कागद जसाच्या तसा ओढून घेतं, आणि एकाच पैशावर तुम्ही दोनदा कर भरता. त्याची नोटीस कोण कशाला पाठवील?

म्हणजे माणूस गाठला की सुटलो का? तर नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचा रिटर्न भरायला कायद्याने आयआरएसकडून मिळणारा एक पीटीआयएन नंबर पुरतो. आयआरएसने परीक्षा सक्तीची करायचा प्रयत्न केला होता, पण तो अधिकार तुम्हाला नाही असं अपील कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं. मोजक्या राज्यांचे स्वतःचे नियम आहेत, बाकी मोकळं रान. सीपीए म्हणजे इथले सीए, वकील आणि एनरोल्ड एजंट, हे तिघे मात्र आयआरएसपुढे तुमच्या वतीने पूर्ण अधिकाराने उभे राहू शकतात. आमची जमात १८८४ची बरं का! यादवी युद्धात घोडे गेले म्हणून लोक भरपाई मागायचे. त्यांच्या वतीने भांडणाऱ्या एजंटांनी लबाड्या केल्या, म्हणून नोंदणी आली. पूर्वज फारसे अभिमानाचे नाहीत.

पदवी बघाच, पण त्याआधी तो काय विचारतो ते ऐका. नवीन माणसाचा फोन आला की मी आधी अर्धा तास भारतातच असते. आई-वडिलांच्या खात्यावर नाव आहे का? एसआयपी चालू आहे? गावचं घर कुणाच्या नावावर? लोक वैतागतात. ‘अहो, टॅक्सचं विचारा ना,’ म्हणतात. मोठ्या ऑफिसातला सीपीए यातलं काही न विचारता नुसते कागद मागत असेल, तर तो तुमच्यासाठी महागडं सॉफ्टवेअरच. जो रिफंडातला टक्का मागतो किंवा रिटर्नवर स्वतः सही करत नाही, त्याच्या दारातूनच परता. शेवटी खोटं असल्यास शिक्षेस पात्र म्हणून तुमची सही त्यावर असतेच.

माझा सल्ला विचाराल तर दरवर्षी माणसाला पैसे देऊ नका. ज्या वर्षी काही बदललं, म्हणजे लग्न, व्हिसा, शेअर्स, भारतातली विक्री किंवा वारसा, त्या वर्षी द्या. तो रिटर्न समोर बसून ओळीओळीने समजून घ्या, आणि पुढच्या वर्षी तोच शेजारी ठेवून सॉफ्टवेअरवर स्वतः भरा.

आणि हो, १० एप्रिलला मला फोन करू नका. ४८६८ फॉर्मने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ती कागदांची, पैशांची नाही, म्हणून अंदाजाने निघणारा कर १५ एप्रिललाच भरून टाका. मग मे महिन्यात निवांत या, येताना आईचं पासबुक घेऊन या.