जुनं चर्च, आजची उपासना

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बर्नी नावाचं गाव आहे. तिथलं सेंट पीटर चर्च १९२३ सालचं. आत माणसं बसायची साधारण २३०, आणि रविवारच्या काही मिस्सांना ४० ते ६० भाविकांना जागाच मिळत नसे. चर्च वाढवायचं ठरलं, पण वारसा क्षेत्राचा नियम दाखवून नगरपालिकेनं परवानगी नाकारली. आर्चबिशप धर्मस्वातंत्र्याच्या १९९३ च्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की हा कायदा राज्यांवर आणि पालिकांवर लादता येणार नाही. जागेचा प्रश्न मात्र सुटला तो नंतरच्या तडजोडीनं. जुन्या इमारतीचा सुमारे ८० टक्के भाग राखायचा आणि बाकीचं वाढवायचं. ही तडजोड आधीच का झाली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आपल्या नाशिकला हा विषय परका नाही. शरणपूरच्या मिशनच्या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचं शव घेऊन इंग्लंडला गेला. शरणपूरच्या संत आंद्रिया चर्चजवळून जाताना हा इतिहास आठवावा. पण त्या वास्तूत आजही प्रार्थना होते, लग्नं लागतात, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढाव्या लागतात. ते संग्रहालय नाही.

दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीचं म्हणणं साधं असतं. तिला आतली ओल बाहेर टाकायला वाव लागतो. वरून सिमेंटचा गिलावा केला, ऑइल पेंट फासला की ओल आतच अडकते, लोणा धरतो आणि हाताच्या बोटानं खरवडलं तरी भुकटी पडते. गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकेचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला आणि जांभा दगड उघडा पडला. पावसानं तो झिजतो, म्हणून तिथे आजही वाद चालू आहे. तेव्हा भिंत, छप्पर, मनोरा यांच्याबाबत नियम कडक हवेत, यात मला शंका नाही.

वेदी कुठे असावी, बाकं कशी लावावीत, गायकवृंद कुठे बसावा, हे मात्र मंडळीनं, म्हणजे तिथल्या भाविकांनी, ठरवायचं. ती उपासना आहे आणि संविधानाच्या २५ व्या आणि २६ व्या कलमांनी तिला संरक्षण दिलंय. व्हीलचेअरसाठी उतरण हवी असेल तर भिंतीला धक्का न लावता, पुढे काढून टाकता येईल अशी बांधता येते. सुंदरनारायण मंदिराचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचं काम नाशिककरांनी पाहिलंच आहे. तिथेही पूजा आणि जतन एकाच दारातून ये-जा करतात.

म्हणून माझी मागणी एवढीच, की चर्चच्या दुरुस्तीचा अर्ज वारसा समितीपुढे येईल तेव्हा त्या बैठकीला पाळक आणि मंडळीचे दोन सभासद बोलवावेत, आणि नकाशा पक्का होण्याआधी बोलवावेत.