छेदाची रेघ ऐकू कशी यावी?

नमस्कार मंडळी.

संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी पार गेली. तरी शिकले गणितच. पुणे विद्यापीठातून पदवी, मग पवईची आयआयटी, मग अमेरिकेत कॉर्नेल. लहानपणचा अभ्यास असा, की घरच्यांनी मोठ्याने वाचायचं आणि यांनी ऐकून डोक्यात मांडायचं. आता गणित मोठ्याने वाचणं म्हणजे काय, ते मला विचारा.

आमच्या वाड्यात एक मुलगा होता. त्याला दिसत नसे. दर रविवारी सकाळी मी त्याला बीजगणित वाचून दाखवायचो. एकदा वाचलं, "एक्स अधिक एक, छेद वाय. एक्स तीन, वाय दोन." पोरगं म्हणालं, "साडेतीन." पुस्तकात मागे उत्तर होतं दोन. म्हटलं, चुकलास रे. तो म्हणे, परत वाचा. वाचलं. परत साडेतीन! माझा आवाज जरा चढला, तसा तो शांतपणे म्हणाला, "काका, दोन्ही वेळा तुम्ही 'एक्स' म्हणून चहाचा घोट घेतलात. मला वाटलं, एक्स बाहेर राहिला आणि रेघ फक्त एकाच्या खाली आहे."

छेदाची रेघ! आपल्याला ती पानावर दिसते, म्हणून आपण ती कधी वाचतच नाही. चहाच्या घोटाने माझं गणित फिरवलं होतं.

मग त्यानेच नियम घातला. रेघेवरचं नेहमीच्या आवाजात, रेघेखालचं जाड आवाजात. मी सुरू केलं, तर त्याची आई लाटणं हातात घेऊन बाहेर डोकावली, दुसरं कोण आलंय बघायला.

पूर्वी पावकी-निमकीला, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांना, चाल होती, चुकलं की कानालाच खटकायचं. हल्ली शाळांनी चालच काढून टाकली. असो.

तर रामन यांनी हीच गोष्ट संगणकाला शिकवली. घातांक आला की आवाज चढवायचा, अक्षराच्या पायाशी लिहिलेला अंक आला की उतरवायचा. प्रणालीचं नाव ॲस्टर. त्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं नावही तेच होतं. ॲस्टरवरच्या त्यांच्या १९९४च्या पीएचडी प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली त्यांचं ईमॅक्सस्पीक आलं, पडद्यावरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर. पडद्यावर कॅलेंडर असेल तर ते सगळे आकडे ओळीने घोकत नाही, तुम्ही ज्या तारखेवर आहात तिचा वार सांगतं. पुन्हा सांगतो, नुसतं वाचून भागत नाही, मांडणी ऐकू आली पाहिजे.

पुढे ॲडोबी, आयबीएम, २००५मध्ये गूगल. तिथे टचस्क्रीन फोन आला. गुळगुळीत काच, चाचपायला बटणच नाही. नंबर लावायचा कसा? रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ठरवलं, बोट पहिल्यांदा टेकेल तिथे पाच. वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. बटण शोधायचंच नाही, तेच बोटाखाली येतं.