केनमेअर: आधी नकाशा, मग गाव

आयर्लंडचा नैऋत्य कोपरा. केरी काउंटी. अटलांटिकचं पाणी इथे डोंगरांच्या मधून लांबवर आत शिरलंय, आणि ते जिथे संपतं तिथे हे गाव वसलंय. केनमेअर. वस्ती अडीच हजारांच्या आसपास.

पहिल्या फेरीत गाव पोस्टकार्डासारखंच दिसतं. निळी, पिवळी, लाल रंगवलेली दुकानं, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या, पबच्या दारावर मालकाचं आडनाव. या भागात ते बहुतेक वेळा ओ'सलिव्हन असतं. देशातल्या नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेत २००० साली या गावाने पहिला नंबर पटकावला होता. पर्यटकांच्या बसगाड्या येतात, कॉफी होते, फोटो होतात, आणि बस 'रिंग ऑफ केरी' या पर्यटकांच्या फेरीमार्गाला लागते.

आपण थोडं थांबूया. कारण हे गाव आपोआप वाढलेलं नाही. ते कागदावर आखलं गेलं.

सतराव्या शतकात इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेने आयर्लंड जिंकलं आणि जप्त केलेली जमीन सैनिकांत, सावकारांत वाटायची ठरली. वाटायची म्हणजे आधी मोजणी आली. ती मोजणी केली विल्यम पेटी नावाच्या हुशार माणसाने. त्याचं काम वाखाणण्यासारखंच होतं. पण मोजता मोजता केरीतली प्रचंड जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर झाली, हेही तितकंच खरं. त्याच्याच वंशातल्या पहिल्या लॅन्सडाउन मार्क्विसने (मार्क्विस हा उमरावाचा किताब) १७७५ मध्ये हे बाजाराचं गाव आखून घेतलं. मेन स्ट्रीट, हेन्री स्ट्रीट, शेलबर्न स्ट्रीट: तीन रस्त्यांचा त्रिकोण. आज आपण चालतोय ते त्याच रेघांवरून. पुढे हाच माणूस ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

गावापुढची खाडी पाहा. पाणी खारं, भरती-ओहोटी रोजची, तरी नकाशात नाव 'केनमेअर रिव्हर'. गावात याचं एक कारण सांगतात: नदी म्हटलं की मासेमारीचा हक्क जमीनदाराचा, समुद्र म्हटला की सगळ्यांचा! गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगावीशी का वाटते ते लगेच कळतं.

गावापासून पायी काही मिनिटांवर मात्र असं काही आहे, जे कुठल्याच जमीनदाराने आखलेलं नाही. पंधरा दगडांचं वर्तुळ, मध्यभागी एक मोठी शिळा. कांस्ययुगातलं. कोणी उभारलं, कशासाठी, ते इथला फलकही ठामपणे सांगत नाही.

आता १८४५. बटाट्यावर करपा पडला. कुळांकडे जमिनीचा तुकडा एवढासा, आणि त्यावर पोटापुरतं दुसरं काही पिकत नव्हतं. सारी भिस्त बटाट्यावर. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. केनमेअरच्या 'वर्कहाउस'मध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहात, माणसं दाटीवाटीने कोंबलेली होती. लॅन्सडाउनच्या इस्टेटीवर नवा कारभारी आला, विल्यम स्ट्यूअर्ट ट्रेंच. त्याने हिशेब मांडला: या लोकांना वर्षभर पोसण्यापेक्षा अमेरिकेचं तिकीट काढून देणं स्वस्त. हजारो कुळं जहाजात बसली. त्यातली बरीच न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्स' या बदनाम वस्तीत उतरली. अंगावर धड कपडे नसलेल्या या माणसांनी पुढे काही वर्षांतच तिथल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेत बऱ्यापैकी पैसे साठवल्याच्या नोंदी इतिहासकारांना सापडल्या आहेत. इस्टेटीच्या लेखी ही माणसं निव्वळ ओझं होती.

मागे राहिलेल्या मुलींसाठी १८६१ मध्ये पुअर क्लेअर या कॅथलिक पंथाच्या जोगिणींनी इथे मठ काढला आणि लेस विणायला शिकवली. गावातल्या लेस केंद्रात ते काम आजही पाहायला मिळतं. जवळून बघा. खाली कापड नाहीच. चर्मपत्रावर नक्षी काढायची, तिच्या रेषेवर तागाचा दोरा टाचून घ्यायचा, आणि मग त्या दोऱ्याच्या आधाराने काजाचा टाका घालत घालत मधली जागा भरायची. टाका टाक्याला धरून. शेवटी टाचण कापली की चर्मपत्र बाजूला होतं आणि लेस तेवढी हातात उरते. बोटभर लांबीच्या पानालाही तासन् तास जातात. डोळ्यांचं काय होत असेल, हा विचार इथे उभं राहिल्यावर येतोच.

गाव सोडून दक्षिणेकडे निघालो की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना फ्यूशियाची लाल कुंपणं, पलीकडे दगडी बांध. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल रंगाचे ठिपके, म्हणजे कोणाची मेंढी ते ओळखू यावं. समोरून गाडी आली की कुणीतरी एक जण मागे घेतो, आणि जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. झाला नमस्कार. उतारावर टर्फ वाळत घातलेलं दिसतं: दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, गोवऱ्या रचाव्यात तशी एकमेकींना टेकवून. हेच इथलं पिढीजात सरपण. २०२२ पासून त्याच्या विक्रीवर बंधनं आली, पण ज्यांचा हक्क आहे ते स्वतःपुरतं अजून कापतात.

लॉरा गावाजवळ डेरीन नावाची बाग लागते. आणि इथे आपल्या इतिहासातला एक माणूस भेटतो. ही बाग लावली पाचव्या लॅन्सडाउनने, म्हणजे १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेल्या लॅन्सडाउनने. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, ज्यावरून पुण्यात टिळक आणि आगरकर एकमेकांवर तुटून पडले होते, तो याच्याच कारकिर्दीतला. इथल्या उबदार, ओल्या हवेत त्याने लावलेले वृक्षनेचे आता आपल्या आपण उगवतात. १९२२ च्या आयरिश यादवीत इथलं लॅन्सडाउनचं घर लुटलं आणि जाळलं गेलं. ते पुन्हा बांधलं. बाग तिकीट काढून पाहता येते.

डेरीनपासून जवळच हीली पासचा घाट सुरू होतो. वळणांवर वळणं, फोटोंसाठी प्रसिद्ध. याचं काम १८४७ मध्ये दुष्काळी काम म्हणून सुरू झालं. उपाशी माणसांनी फोडलेला हा रस्ता पुरा व्हायला १९३१ उजाडलं.

दरम्यान जमीन हलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायदे झाले, सरकारने कर्ज दिलं, आणि कुळांनी जमीनदारांकडून आपापली शेतं विकत घेतली. कसेल त्याची जमीन, पण हप्त्याहप्त्याने.

जमीनदाराने बाजारासाठी आखलेलं हे गाव खऱ्या अर्थाने बाजाराचं दिसतं ते वर्षातून एकदा, १५ ऑगस्टला. आपल्याकडे झेंडावंदन, इथे केनमेअरची जत्रा. मेंढ्या, गुरं, पोनी थेट रस्त्यावर येतात. कॉफीच्या दुकानापुढे बोकड बांधलेले. पोनीचा जबडा उघडून दात तपासले जातात, भावावरून खेचाखेच होते, एक जण पाठ फिरवून निघतो, तिसराच कोणी त्याला दंडाला धरून परत आणतो आणि दोघांचे हात एकमेकांवर आपटवतो. व्यवहार ठरला. नीटनेटकेपणाचं बक्षीस मिळवलेल्या रस्त्यावर दिवसभर शेण पडलेलं असतं, आणि त्याबद्दल गावात कोणाची तक्रार नसते.