समुद्र दारात, तरी टाकीत त्याचं पाणी का नको?

नमस्कार मंडळी! खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटली की गोव्यात पहिला प्रश्न ठरलेला: मिरामारवरून चार कॅन पाणी भरून आणलं तर?

नका आणू. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख. पावसाळ्यात नदी इतकं गोडं पाणी ओतते की तिथला खारटपणा पार उतरतो, शिवाय गाळ आणि बोटींचं तेल. टाकीतल्या माशाला खारटपणा रोज तोच लागतो.

मग आगरातलं मीठ? आगरवाड्याचं, नेरूलचं जाडं मीठ हुमणात घाला, त्याला तोड नाही. टाकीत मात्र नको. मिठागरात पाणी आटतं तेव्हा बरंचसं कॅल्शियम आधीच तळाला बसतं, मीठ नंतर धरतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या पाण्यात राहून जातं. आपल्या हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. म्हणून दुकानातून मरीन सॉल्टच घ्या, म्हणजे समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेलं टाकीसाठीचं तयार मीठ. 75 लिटरच्या टाकीला साधारण पावणेतीन किलो लागतं, तेही आरओच्या पाण्यात कालवून. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, 1.025 दिसलं पाहिजे (गोड्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड, तो आकडा). सुरुवातीला याहून लहान टाकी घेऊ नका, थोड्या पाण्यात चूक लगेच भोवते.

माझी चूक सांगतो. पातळी उतरली की मी मिठाचंच पाणी ओतायचो. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं! खारटपणा चढत गेला आणि माझ्या दोन कोळंब्या मेल्या. अजून वाईट वाटतं. भर घालायची ती गोड्या पाण्याची, रोज. मे महिन्यात पंखा लावून टाकी थंड ठेवता ना, तेव्हा तर जास्तच.

पाणी तयार झालं म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. दगड आणि वाळू घालून, चिमूटभर माशांचं खाद्य टाकून चार ते सहा आठवडे पंप चालू ठेवा. खाद्य कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विष, म्हणून हे जिवाणू आधी वाढू द्यायचे. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की समुद्रातून पकडलेली नव्हे, तर टाकीत पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी दुकानातून आणा.

आणि ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात तर प्रवाळाचा तुकडा उचलू नका, कृपा करून. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे दोन्ही वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत.

आता माझ्या टाकीचं आजचं माप बघूया... 1.026. पातळी बोटभर उतरलीय. आणतो आरओचं पाणी.